आधी उंदीर, मग साप

साप पाळणाऱ्या कुणाच्या खोलीत गेलो की मी आधी सापांकडे बघत नाही. उंदरांचे डबे कुठे ठेवलेत ते बघतो. साप काय, कुणीही दाखवतो. गळ्यात घालून फोटोही काढतो. पण डब्यांचा वास किती येतो, भुसा कधी बदललाय, पाण्याची बाटली गळते का, माद्यांपैकी गाभण किती, हे बघितलं की या माणसानं पिल्लं काढायला घ्यावीत की अजून दोन वर्षं थांबावं ते मला कळतं.

हिशोब शाळकरी आहे. बॉल पायथनच्या पहिल्या विणीत सहा पिल्लं निघाली असं धरा. प्रत्येकाला आठवड्याला एक उंदीर. वर्षाला तीनशेच्या वर झाले, आणि यात आईबापांचं जेवण धरलेलं नाही. पांढऱ्या उंदराची मादी तीन आठवड्यांत विते हे खरं, पण एक नर आणि दोन माद्या एवढ्या भांडवलावर हा खर्च निघत नाही. त्यातून पिल्लू साप कधी पंधरा दिवस तोंड फिरवून बसतो, तेवढ्यात त्याच्या मापाचे उंदीर वाढून मोठे होतात आणि पुढच्या आठवड्यात लहान मापाचा एकही शिल्लक नसतो. म्हणून ‘मला सापांची वीण घ्यायचीय’ असं कुणी म्हटलं की मी सांगतो, बाबा, तू उंदरांचा धंदा काढतोयस. साप हे फक्त गिऱ्हाईक.

सापांच्या विणीवरच्या या पुस्तिकेला प्रस्तावना लिहायचं माझ्याकडे आलं ते याच वाक्यामुळे. ते चारचौघांत बोलून बसलो होतो.

मी माहीमचा. मुंबईतलं नव्हे, पालघर स्टेशनाच्या पश्चिमेला समुद्राकडे जे गाव आहे ते. शेजारच्या केळव्यासकट लोक ज्याला एका दमात केळवे-माहीम म्हणतात ते. एके काळी ठाणे जिल्ह्यात माहीम नावाचा तालुकाच होता. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा वेगळा झाला, कचेऱ्या सगळ्या तिकडे, आणि आमच्याकडे राहिल्या वाड्या: केळी, नारळ, पानवेली. पानवेलीला सावली लागते, ओल लागते, शेणखत लागतं. त्या ओलीला बेडूक येतात, खताला आणि पेंढ्याला उंदीर येतात, आणि दोघांच्या मागून साप. धामण, दिवड, नानेटी, तस्कर, कवड्या, आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसंही. वाडीतल्या माणसाला साप पाळायची हौस सहसा नसते. तो त्याच्या सोडणांच्या ढिगात आधीच राहत असतो.

हौस मला दिसते ती बोईसरला, भाड्याच्या खोल्यांत. तारापूरच्या कारखान्यांत पाळीवर जाणारी मुलं. रात्रपाळी संपवून आलेल्याला दिवसा कुत्रं घेऊन कुठे हिंडता येत नाही, घरमालकाला मांजर चालत नाही, आणि बॉल पायथन आठवड्यातून एकदा खाऊन सहा दिवस गप्प पडून राहतो. मला हे आवडणं पूर्णपणे समजतं. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा, घाना-टोगो-बेनिनकडचा हा अजगर; चार-साडेचार फुटांचा, घाबरला की डोकं आत घेऊन चेंडूसारखा गुंडाळणारा. चावण्यापेक्षा लपणं पसंत करणारा. पहिल्या प्रकल्पाला याच्याइतका समजूतदार साप दुसरा क्वचितच मिळेल, म्हणून पुस्तिकाही त्याच्याभोवतीच रचलेली आहे.

मग वाडीतला का नको? हा प्रश्न दर चौथा मुलगा विचारतो, आणि त्यातल्या निम्म्यांच्या मनात मांडूळ असतं. दोन तोंडांचं म्हणून ज्याची अफवा आहे, वजन अमुक भरलं की लाखांत विकतं म्हणून ज्याच्यापायी महाराष्ट्रभर माणसं पोलिसांच्या हाती लागतात, ते मांडूळ. त्याची शेपटी बोथट असते, एवढंच त्या दुसऱ्या तोंडाचं गुपित. ते अंडी घालत नाही, पिल्लं देतं, बिचारं बिळात राहून उंदीर खातं, आणि कुणालाही श्रीमंत करत नाही. ते पाळता येत नाही. धामण पाळता येत नाही, दिवड नाही, नाग तर नाहीच. आपल्या मातीतले साप 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. अजगरासारख्या पहिल्या परिशिष्टातल्या प्राण्याच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची शिक्षा आहे. ‘मी तर त्यांची संख्या वाढवतोय’ हा बचाव कोर्टात चालत नाही, आणि मला विचाराल तर चालूही नये. वाडीतला एक नाग उचलून डब्यात ठेवला की वाडीत एक नाग कमी झाला. पिल्लांचं पुढचं पुढे.

परदेशी सापांचा मामला वेगळा, पण मोकळा नाही. बॉल पायथन वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या ‘साइट्स’ करारात दुसऱ्या यादीत आहे. भारत त्या करारात 1976 पासून आहे, पण घरात ठेवलेल्या परदेशी प्राण्याला हात घालणारं कलम आपल्या कायद्यात नव्हतं. 2020 च्या जूनमध्ये केंद्रानं सांगितलं, सहा महिन्यांत स्वतःहून जाहीर करा, कागद मागणार नाही. मग 2022 ची दुरुस्ती आली, 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली, आणि साइट्समधले प्राणी कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात बसले. 2024 च्या फेब्रुवारीअखेर नोंदणीचे नियम निघाले: ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर प्राण्याची नोंद, तो दुसऱ्याला दिला तर नोंद, मेला तर नोंद. आणि पिल्लं झाली तरी नोंद. नोंदीचं प्रकरण पुस्तिकेत सगळ्यात कंटाळवाणं आहे आणि ते सगळ्यात आधी ठेवलंय ते मुद्दाम. पुस्तिका छापून हाती येईपर्यंत नियमांत काही बदललं असेल तर वनविभागाचं कार्यालय काय म्हणतं ते खरं, आमचं नव्हे.

कागदाबद्दल एक कडू गोष्ट इथेच सांगून टाकतो. आपल्याकडे फिरणाऱ्या कित्येक बॉल पायथनांचा उगम कुठल्याही पैदासघरात नाही, विमानातल्या बॅगेत आहे. 2023 च्या डिसेंबरात मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाकडे अकरा साप सापडले, त्यांतले नऊ बॉल पायथन. बिस्किटं आणि केक यांच्या पुड्यांत दडवलेले. स्वस्तात मिळालेली जोडी बहुधा अशाच एखाद्या पुड्यातून वाचलेली असते. तिच्या अंगावर गोचीड असतील, आत जंत असतील, आणि कागद नसेल. अशा जोडीची पिल्लं कितीही देखणी निघाली तरी ती कुणाला उजळ माथ्यानं देता येत नाहीत. कागद नाहीत तर प्रकल्प नाही. इथे पुस्तक मिटून ठेवलंत तरी माझी हरकत नाही.

आता सापांच्या विणीशी माझा स्वतःचा संबंध काय, हे सांगायला हवं, नाहीतर प्रस्तावना लिहिणारा हा कोण असं वाटायचं. मी बारा-तेरा वर्षांचा असताना वाडीतला खताचा ढीग उकरताना धामणीची अंडी निघाली. नऊ होती, पांढरी, लांबट, चामड्यासारखी मऊ, दोन-तीन एकमेकांना चिकटलेली. कायदा तेव्हाही होता, मला ठाऊक नव्हता. मी ती पेंढा घातलेल्या टोपलीत चुलीमागे ठेवली आणि कोंबडी करते तशी रोज सकाळ-संध्याकाळ उलटवली. कोंबडी उलटवते, म्हणजे साप विसरत असणार, अशी माझी समजूत. चिकटलेली होती ती सोडवून वेगळीही केली. तिसऱ्या आठवड्यात घरात असा वास सुटला की आईनं टोपलीसकट समुद्राकडे पाठवलं. सापाच्या अंड्यात गर्भ वरच्या बाजूला कवचाला धरून वाढतो, अंडं उलटलं की तो स्वतःच्याच बलकाखाली दबतो, हे मला कळायला पुढे पंधरा वर्षं गेली. अंड्यावर शिसपेन्सिलीनं वरच्या बाजूला खूण करा, असं पुस्तिकेत ज्या पानावर लिहिलंय ते पान माझ्या आग्रहानं ठळक छापलंय.

मला ते कळलं नाही यात नवल नव्हतं. आपल्याकडे साप बाळगण्याचा इतिहास मोठा आहे, पण तो सगळा पकडून आणण्याचा. गारुडी पकडून आणायचा. परळच्या हाफकिन संस्थेत विषासाठी साप ठेवले, तेही रानातून आणलेले, तिथल्या डॉ. पी. जे. देवरसांचं सापांवरचं पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टनं 1965 साली काढलं, आणि कित्येक वर्षं सामान्य वाचकाच्या हाती पडण्याजोगं तेवढंच होतं. तमिळनाडूत साप धरणाऱ्या इरुळा आदिवासींची सहकारी संस्था 1978 साली निघाली, तीही साप धरते, विष काढते आणि सोडून देते. पुण्यात नीलिमकुमार खैरे 1980 साली बहात्तर विषारी सापांबरोबर बहात्तर तास काचेच्या खोलीत बसले, 1986 साली कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं, आणि साप बघायला लोक तिकीट काढून जाऊ लागले. गावोगावचे सर्पमित्र त्यानंतरचे. यांतले अनेकजण बांधकामात किंवा ढिगात सापडलेली अंडी वनविभागाला कळवून उबवतात आणि पिल्लं रानात सोडतात. मराठीत सापाची अंडी हाताळण्याचं जे काही शहाणपण साठलंय ते या लोकांकडे आहे. नर-मादी जुळवणं, मादीचं वजन राखणं, तीन पिढ्यांची वंशावळ लिहिणं, ही विद्या मात्र आपल्याकडे नवी आहे. शब्दही उसने आहेत: मॉर्फ म्हणजे रंगाचा प्रकार, क्लच म्हणजे एका विणीची अंडी, आणि हेट, ज्याचा अर्थ पुढे येईल. पुस्तिकेनं ते तसेच ठेवलेत. कुणी त्यांना संस्कृत पेहराव चढवला असता तर बोईसरच्या मुलांनी पुस्तक उघडलं नसतं.

आपल्या लोकांचं सापांच्या विणीचं निरीक्षण कच्चं, असं मात्र समजू नका. चुकीचं आहे ते एकाच ठिकाणी. पावसाच्या तोंडावर दोन धामणी एकमेकींना पीळ घालून हात-दीड हात उभ्या राहतात, लोक जमतात, ‘जुळी लागली’ म्हणतात, कुणी नवं कापड टाकून ते लक्ष्मीचं म्हणून घडी करून ठेवतं. ते दोघेही नर असतात आणि त्यांची कुस्ती चाललेली असते. मादी असलीच तर जवळपास कुठेतरी गवतात. खरं मीलन जमिनीलगत, चुपचाप आणि तासन् तास चालतं; त्यावर कापड टाकायला कुणाला सापडत नाही. खोलीत डब्यात जोडी ठेवून दर पाच मिनिटांनी झाकण उघडणाऱ्यांनी यातून काय घ्यायचं ते घ्यावं.

बाकी परदेशी पुस्तकांतलं वेळापत्रक इथे जसंच्या तसं चालत नाही, आणि या पुस्तिकेचं खरं काम तिथे आहे. तिकडची पुस्तकं थंड देशांत लिहिलेली. त्यांचा अर्धा मजकूर ऊब कशी द्यायची यावर. आपल्याकडे दिवाळीनंतर रात्री जरा गार व्हायला लागल्या की जोडी एकत्र करायची, शिमग्यापर्यंत मधून मधून ठेवायची. मादी तीन वर्षांची आणि निदान दीड किलोची असावी. कमी वजनाच्या मादीकडून अंडी घेतली तर ती अंडी देते, आणि मग सहा महिने सावरत नाही. अंडी पडतात ती बहुतेक चैत्र-वैशाखात, चार ते दहा. उबवण्याला लागतं 31 ते 32 अंश आणि साधारण दोन महिने.

आता माहीमचा मे महिना आठवा. पत्र्याखालच्या खोलीतली हवाच दुपारी त्याच्या वर जाते. अमेरिकेतला माणूस इन्क्युबेटर तापत नाही म्हणून रडतो, इथे तो निवत नाही म्हणून अंडी उकडतात. पस्तिशीच्या वर गेलं की गर्भ मरतात किंवा वाकड्या कण्याची पिल्लं निघतात. म्हणून घरातली सगळ्यात थंड खोली निवडा. कौलारू घराची माजघरातली कोपऱ्याची जागा सोन्यासारखी. आणि अंडी फुटायची वेळ येते तेव्हा आषाढ लागलेला असतो, म्हणजे वीज गेलेली असते. थर्मोकोलचा जाड खोका, आत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या. वीज गेली तर तेवढं वस्तुमान चार-सहा तास तापमान धरून ठेवतं. खाली व्हर्मिक्युलाइट, ओलावा इतकाच की मुठीत दाबल्यावर थेंब पडू नये. आमच्याकडे काथ्याचा भुसा फुकट म्हणून तो वापरायचा मोह होतो. मीही वापरून बघितला, एका परिचिताकडे. बुरशीनं अंडी हिरवी झाली. फुकटचं ते फुकटच.

पिल्लू आतून नाकाच्या टोकावरच्या इवल्या दातानं कवच चिरतं आणि डोकं बाहेर काढून दिवस-दीड दिवस तसंच बसतं. बलक अजून आत ओढला जात असतो. ओढून काढायचं नाही. मी हे वाक्य तीनदा लिहून दोनदा खोडलंय, कारण पुस्तिकेत ते आहेच. पण त्या दिवशी हात शिवशिवतात ते वाचून थांबत नाहीत, म्हणून पुन्हा एकदा: ओढून काढायचं नाही. आठ-दहा दिवसांनी पहिली कात, मगच पहिलं जेवण.

रंगांचं प्रकरण पुस्तिकेत सगळ्यात लांब आहे आणि वाचक सगळ्यात आधी तेच उघडतील. बॉल पायथनाचा पांढरा-पिवळा अल्बिनो 1992 साली अमेरिकेत बॉब क्लार्कनं पहिल्यांदा पैदाशीतून काढला, आणि तिथून या सापाचा सराफबाजार झाला. दोन ‘हेट’ जुळवले, म्हणजे रंग पोटात दडलेले पण अंगावर न दिसणारे, तर चार पिल्लांत एक अल्बिनो, असं सगळे पाठ म्हणतात. चारात एक हा अंड्याअंड्याचा योग आहे, हप्ता नव्हे. सहा अंड्यांत एकही अल्बिनो न निघण्याची शक्यता जवळजवळ अठरा टक्के आहे. पाच-सहा जणांत एकाच्या नशिबी सहाही साधीच येणार. त्यानं त्या सहांना तितकंच नीट वाढवायचं की नाही, हे जोडी एकत्र करण्याआधी ठरवावं. आणि ‘स्पायडर’ नावाचा जो जाळीदार देखणा प्रकार आहे, तो घेऊच नये असं माझं मत. त्याच्या रंगाबरोबर तोल जाण्याचा दोष येतो. डोकं थरथरतं, काहींना सावजावर नेमकी झेप घेता येत नाही. लेखकांनी ‘आपापला निर्णय घ्यावा’ असं मवाळ लिहिलंय. मी प्रस्तावनेत आहे, मला मवाळ असायचं कारण नाही.

विषारी सापांची वीण पुस्तिकेत नाही, आणि पुढच्या आवृत्तीतही नसेल. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर बेतलेली आहे. परदेशातून आलेल्या विषारी सापाला पालघरच्या काय, मुंबईच्या दवाखान्यातही उत्तर नाही.

राहिला प्रश्न पिल्लांचा, ज्यावर बहुतेक पहिले प्रकल्प बुडतात. अंडी होईपर्यंत मित्र रांग लावतात: मला एक, मला दोन. पिल्लं निघाली की एकाचं लग्न ठरतं, एकाची बदली होते, एकाची आई नाही म्हणते. बॉल पायथन पंचवीस-तीस वर्षं सहज जगतो. जी पिल्लं कुणी नेली नाहीत ती वर्षभर आपल्याच घरी राहतील इतके डबे, इतकी जागा आणि इतके उंदीर आहेत का? नसतील तर अंडी घेऊच नका. रानात सोडणं हा पर्याय नाही. कायद्यानं नाही, आणि रानाच्या बाजूनंही नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या दलदलीत लोकांच्या घरांतून गेलेले बर्मी अजगर पसरले. 2012 साली शास्त्रज्ञांची मोजणी छापून आली, तोवर तिथल्या रस्त्यांवर पूर्वी हमखास दिसणारे रकून नव्याण्णव टक्क्यांनी कमी झाले होते. आमच्या वाड्यांतल्या ओलीला, उबेला आणि उंदरांना आफ्रिकेचा पाहुणा नको म्हणेल असं मला वाटत नाही.

एकटी मादी आहे, नर नाही, म्हणून आपल्याला हे काही लागू नाही, असं समजणाऱ्यांसाठी एक बातमी. सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयात साठीच्या पुढच्या एका बॉल पायथन मादीनं 2020 च्या जुलैत सात अंडी दिली. पंधरा वर्षांत तिच्या जवळपास नर नव्हता. सापांच्या माद्या नराचं बीज वर्षानुवर्षं साठवू शकतात, आणि काही जातींत नराशिवायही पिल्लं होतात. तेव्हा नोंदवही एकट्या मादीचीही ठेवा: दर महिन्याचं वजन, कात कधी टाकली, कधी खाल्लं, कधी नाकारलं. पुस्तिकेच्या शेवटी रेघा मारलेली कोरी पानं त्यासाठी आहेत. उंदरांसाठी वेगळा रकाना माझ्या सांगण्यावरून घातलाय.

नराशिवाय संसार बघायला सेंट लुइसला जायचीही गरज नाही. आमच्याकडे वाळा असतो, वीतभर, काळपट, चकचकीत. बायका गांडूळ म्हणून झाडूनं लोटतात. त्याच्या जातीत फक्त माद्याच आहेत. नर कधी मिळालेलाच नाही. कुंड्यांच्या मातीतून तो जगभर गेला म्हणून इंग्रजीत त्याचं एक नावच कुंडीतला साप असं आहे. मुंग्यांची आणि वाळवीची अंडी खातो, उंदीर मागत नाही. परवा तुळशीची माती बदलताना दोन निघाले, एक मोठा आणि एक सुतळीएवढा. थोडी जुनी माती ठेवली आणि दोघांना परत आत सोडलं.